तापी उलटी वाहू नये म्हणून

भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर फुलं उमटवण्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत केलेला असतो. छापचित्र म्हणजे मुळात तेवढंच. एका पृष्ठभागावर शाई लावायची आणि तिचा ठसा कागदावर घ्यायचा. फरक इतकाच की इथे ठोकळा आपण स्वतः कोरायचा आणि त्याच ठोकळ्यातून दहा-बारा प्रती काढायच्या. यातली प्रत्येक प्रत मूळ चित्रच मानली जाते. ती झेरॉक्स नव्हे.

एकाच्या अनेक प्रती निघतात म्हणूनच ही कला मिळून करायला सोयीची आहे. दहा जणांनी तैलचित्रं काढली तर दहा घरांत एकेक चित्र जाईल. दहा जणांनी छापचित्रं केली आणि आपापसांत वाटली, तर प्रत्येक घरात दहाही चित्रं जातील. अशा संचाला कलाशाळेत पोर्टफोलिओ म्हणतात, आपण छापसंच म्हणू. छापचित्रकारांचे गट देशोदेशी असे संच करत असतात आणि विषय पुष्कळदा आपला परिसरच असतो: एखादी नदी, एखादं रान, एखादा रस्ता. जपानी चित्रकार हिरोशिगे याने तोकाइदो या हमरस्त्यावरच्या ५३ मुक्कामांची चित्रमालिका १८३३-३४च्या सुमारास केली. तीही एकट्याने नव्हे. चित्र त्याचं, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे लावणारा प्रकाशक चौथा.

खानदेशालाही हा वारसा अगदीच परका नाही. डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. तिथली सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली आणि गांधीजींच्या आग्रहाप्रमाणे बांबूसारखं आसपास मिळणारं साधं साहित्य वापरून केली. हातात काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचं ते काळं-पांढरं चित्र आपण पाठ्यपुस्तकात, कॅलेंडरवर, कुठेतरी नक्की पाहिलं असेल. ते याच नंदलालांचं १९३०मधलं लिनोकट. लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र ते लिनोकट. फार थोड्या रेषा आणि भरपूर काळा रंग, बस.

आता प्रत्यक्ष कामाकडे. विषय तापी धरू, माध्यम लिनोकट आणि माणसं दहा. छापचित्राचा अनुभव कुणाला नसला तरी चालेल.

पहिली पायरी बैठकीची. इथेच निम्मे गट फसतात, कारण सगळ्यांना लगेच पटाशी हातात घ्यायची घाई असते. पांझरेच्या काठची फड पद्धत आपल्याला माहीत असेल. बंधाऱ्याच्या पाण्यावरची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकरी देईल तेव्हा घ्यायचं. छापसंचही तसाच चालतो. पीक एक, वाफा ज्याचा त्याचा. म्हणून ठोकळ्याचं माप, कागदाचं माप, प्रतींची संख्या, शाईचा रंग आणि शेवटची तारीख एवढ्या पाच गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. आणि एक पाटकरी नेमावा, जो तारखांची आठवण करून देईल आणि त्याबद्दल शिव्याही खाईल.

मापं अशी ठेवता येतील. हातकागदाचा पूर्ण ताव साधारण ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा असतो. त्याचे चार तुकडे केले की २८ बाय ३८चा एक कागद मिळतो. त्यावर २० बाय २५चा आडवा ठोकळा छान बसतो आणि चारही बाजूंना समास उरतो. प्रती प्रत्येकी बारा: दहा सभासदांच्या, एक वाचनालयासाठी, एक प्रदर्शनासाठी. बारा प्रतींना तीन ताव लागतात. आपण पाच घ्यावेत. उरलेले आठ तुकडे चाचणीत आणि चुकांत जातातच.

कागदावरून आठवलं. एरंडोल आणि यावल ही गावं एके काळी हातकागदासाठी नावाजलेली होती, जुन्या गॅझेटियरात तशी नोंद आहे. आज तो कागद आपल्याला मिळणार नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेत मात्र मिळतो. ती १९४०मध्ये सुरू झालेली संस्था. कागद घेताना पातळ आणि कमी खरखरीत घ्यावा. जाड कागद दिसायला भारदस्त, पण आपल्याकडे छापण्याचं यंत्र नसताना त्यावर ठसा नीट उमटत नाही.

दुसरी पायरी जागा वाटून घेण्याची. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते तिथपासून खाली येत जावं: हतनूरचं पसरलेलं पाणी आणि थंडीत तिथे उतरणारे पक्षी, भुसावळचा रेल्वेपूल, वाघूर, गिरणा, अनेर यांचे संगम, मुडावदला येणारी पांझरा, मुंबई-आग्रा रस्त्यावरचा सावळद्याचा पूल. उरलेल्या दोघांनी काठावरचं शेत घ्यावं, एकाने केळी, दुसऱ्याने कपाशी. जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या तर उत्तम. नाहीतर सगळ्यांना संगम हवा असतो, शेत कुणालाच नको असतं.

तिसरी पायरी जाऊन बघण्याची. मोबाइलवर फोटो काढून घरी येणं म्हणजे बघणं नव्हे. फोटोत सगळंच येतं, आणि लिनोकटला थोडंच लागतं. काठावर बसून, जाड मार्करने, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच चित्रं काढावीत. मार्कर जाड असला की बारीक तपशील काढताच येत नाहीत आणि त्या जागेचं खरं काय आहे ते आपोआप वर येतं. कुठे ती काळ्या खडकाची धार असते, कुठे मागची सातपुड्याची रांग, कुठे नुसती बाभळीची वेडीवाकडी फांदी.

कॅलेंडरातला निसर्ग इथे आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नारळाची झाडं आणि मावळता सूर्य तापीकाठी शोधून काढणारेही भेटतात! केळीची फाटकी पानं घ्या. ती वाऱ्याने पट्ट्यापट्ट्यांनी फाटतात आणि त्या पट्ट्या म्हणजे पटाशीला आयती मेजवानी. कपाशीचं बोंड पांढरं आणि त्याचं वाळलेलं कवच काळं, जणू हे झाड लिनोकटसाठीच उगवलं आहे.

पळस मात्र फसवतो. फाल्गुनात तो केशरी पेटलेला दिसतो म्हणून मोहाने घेतला जातो आणि काळ्या शाईत ते केशरी जातं कुठे, कळत नाही. अशा वेळी फूल जवळ घेऊन बघावं. पाकळ्या केशरी असल्या तरी देठाकडची वाटी मखमली आणि काळपट असते, कळ्याही तशाच. कोऱ्या आकाशावर त्या काळ्या वाट्यांची माळ कोरली की शेंदरी थेंबही न वापरता पळस ओळखू येतो.

चौथी पायरी रेखाटन ठोकळ्यावर उतरवण्याची, आणि या लेखाचं शीर्षक इथलं आहे. ठशात सगळं उलटं येतं: ठोकळ्यावरचं डावं कागदावर उजवं. आता विचार करा. जळगाव आणि धुळे दोन्ही शहरं तापीच्या दक्षिणेला. या काठावर उभं राहून समोर सातपुड्याकडे पाहिलं तर पश्चिम आपल्या डाव्या हाताला येते, आणि तापी पश्चिमेला जाते. म्हणजे चित्रात पाणी उजवीकडून डावीकडे जायला हवं. रेखाटन जसंच्या तसं ठोकळ्यावर काढलं तर छापून झाल्यावर आपली तापी सुरतेऐवजी मुलताईकडे वाहू लागते.

पाणी तर पाणीच, कुणाला कळणार, असं वाटेल. कळतं. पात्रात अडकलेल्या फांदीमागे पाण्याची एक लांब शेपटी उमटते, ती नेहमी उताराकडे असते. नदीकाठच्या माणसाची नजर पहिली तिथेच जाते.

उपाय सोपा आहे. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने गिरवावं. पेन्सिलीची बाजू खाली येईल असा तो कागद लिनोवर पालथा घालावा आणि मागून चमच्याने घासावा. रेषा उलट्या उतरतात आणि छापताना पुन्हा सुलट होतात. चित्रात गावाचं नाव कोरायचा मोह टाळावा. उलटी देवनागरी कोरताना मात्रा, वेलांटी, रफार यांची हमखास गल्लत होते. नाव छापाखाली पेन्सिलीने लिहिता येतं.

दहा चित्रं शेजारी लावल्यावर एकच लांब नदी दिसावी असं वाटत असेल, तर याच पायरीला आणखी एक ठरवून घ्यावं. प्रत्येक ठोकळ्याच्या दोन्ही कडांना पाण्याची रेषा खालून ७ सेंटिमीटरवर आणि डोंगराची रेषा १६ सेंटिमीटरवर यावी. मध्ये ज्याला जे करायचं ते करो. मांडताना चांगदेव उजव्या टोकाला आणि सावळदे डाव्या टोकाला. मध्ये कागदाचे पांढरे समास येतात, पण डोळा ते सहज ओलांडतो. नदीचं पाणी कोरं ठेवायचं की काळं, हेही सगळ्यांनी मिळून ठरवावं. मला विचाराल तर कोरं. उन्हाळ्यात दुपारी तापीकडे पाहिलं की ती तशीच दिसते.

पाचवी पायरी कोरण्याची. लिनोलियम हे जवसाचं तेल, बूच किंवा लाकडाचा भुसा आणि मागे तागाचं कापड यांचं बनतं. त्याला लाकडासारख्या शिरा नसतात, म्हणून पटाशी कुठल्याही दिशेने सारखीच चालते. नवशिक्यांना तेच बरं. घराच्या जमिनीवर घालतात ती प्लॅस्टिकची चकचकीत चटई म्हणजे लिनो नव्हे. दुकानदार ती देऊ पाहील, घेऊ नये. थंडीत लिनो कडक होतो, तेव्हा तो पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवावा. खानदेशात उन्हाचा तरी तुटवडा नाही.

साधनं दोनच पुरतात: बारीक रेषेसाठी इंग्रजी व्हीच्या आकाराची टोकदार पटाशी आणि मोठी जागा मोकळी करायला गोल पटाशी. धार चांगली हवी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि मग ती सटकते. दुसरा हात नेहमी पटाशीच्या मागे ठेवावा, कधीही तिच्या वाटेत नको. ठोकळा सरकू नये म्हणून एका फळीला वरच्या बाजूस एक आणि खालच्या बाजूस, उलट अंगाने, एक अशा दोन पट्ट्या ठोकून घ्याव्यात. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरचीला ठोकळा टेकतो.

इथली सर्वांत मोठी चूक डोक्यातली असते. आपल्याला पेनाची सवय असते, पेन काळी रेष काढतं. पटाशी पांढरी रेष काढते. जे कोराल ते कोरं, जे ठेवाल ते काळं. हे विसरून नुसत्या बाह्यरेषा कोरल्या की चित्राची रात्र होते: सगळीकडे काळं आणि त्यात केसासारख्या पांढऱ्या रेषा. म्हणून कोरण्याआधी लिनोला पातळ काळ्या रंगाचा हात द्यावा आणि पेन्सिलीच्या रेषा अंधुक दिसत असतानाच, जिथे पांढरं हवं तिथे खडूने भरावं. मग फक्त खडू खोदून काढायचा.

खोली दोन मिलिमीटरपर्यंत पुरते. तागाचं कापड दिसायला लागलं तर फार खोल गेलात. आणि सगळं एका बैठकीत कोरून टाकू नये. कोरलेलं परत भरता येत नाही, राहिलेलं उद्या काढता येतं. मध्येच ठोकळ्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली की शाई न वापरताच ठशाचा अंदाज येतो.

लिनो न मिळाल्यास लाकडाची फळी चालेल, त्याला वुडकट म्हणतात. सागवान टिकाऊ, पण नवख्या हाताला कठीण, शिरांच्या आडवं कोरताना ढलप्या उडतात. त्याची एक गंमत मात्र आहे. जुनी फळी तारेच्या ब्रशने घासली की मऊ भाग झिजून शिरा वर येतात, आणि छापल्यावर त्या लाटा थेट वाहत्या पाण्यासारख्या दिसतात. सातपुड्यातल्या सागाची फळी आणि तिच्यातून निघालेली तापी, एवढा योग जुळून येत असेल तर थोडा त्रास सोसावा.

सहावी पायरी शाईची. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे ऑफसेटची काळी तेलकट शाई मिळते, ती उत्तम चालते. एक डबा दहा जणांना पुरून उरतो. पाण्यात मिसळणारी शाई धुवायला सोपी असते, पण जळगावच्या उन्हाळ्यात ती काचेवर पसरेपर्यंतच वाळते. पहिल्या प्रतीला शाई नीट, तिसरीला ठिपके, पाचवीला कागद चिकटून फाटला, असं होऊ लागलं की दोष आपल्या हाताचा नसून हवेचा असतो.

काचेच्या तुकड्यावर चमचाभर शाई घेऊन रबरी रोलरने पातळ पसरावी. इथे डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवावा. रोलर फिरताना बारीक, सारखी चरचर ऐकू आली तर थर बरोबर आहे. चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली. शाई जास्त झाली की बारीक रेषा बुजतात, आणि सगळ्यात आधी बुजतात त्या कपाशीच्या कवचाच्या आणि पक्ष्यांच्या पायांच्या. एकदा जाड लावण्यापेक्षा तीन वेळा पातळ लावावी, दर वेळी दिशा बदलून.

सातवी पायरी छपाई. यंत्र नसलं तरी स्वयंपाकघरातला मोठा स्टीलचा चमचा पुरतो. पुठ्ठ्यावर कागदाच्या मापाची चौकट आखावी, मधोमध ठोकळ्याची जागा आखावी आणि दोन कडांना जाड पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवावा. कागद दर वेळी त्या कोपऱ्यात टेकवून खाली सोडला की बाराही प्रतींचे समास सारखे येतात. एकदा कागद शाईला टेकला की तो हलवायचा नाही. किंचित हलला तरी रेष दुहेरी होते.

मग चमच्याच्या पाठीने मधून बाहेर, गोल गोल, शांतपणे घासावं. कडा आणि कोपरे विसरतात, तेवढ्यासाठी परत फिरावं. अर्धा कागद हाताने दाबून धरून उरलेला उचलून बघावा. फिकट असेल तिथे पुन्हा घासावं. कागद थोडा जाड निघाला असेल तर ओल्या स्पंजाने दमट करून, प्लॅस्टिकमध्ये तासभर गुंडाळून ठेवावा. आपल्या कोरड्या हवेत कडा आधी सुकतात, म्हणून एकेक कागद लागेल तसाच बाहेर काढावा.

पहिल्या दोन-तीन प्रती चाचणीच्या समजाव्यात. त्या घेऊन सगळ्यांनी एकत्र बसावं, आणि हीच बैठक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दहा चाचण्या जमिनीवर ओळीने मांडल्या की ताबडतोब दिसतं: एकाचं चित्र कोळशासारखं काळं, दुसऱ्याचं फिकट, तिसऱ्याचा डोंगर भलत्याच उंचीवर. इथे तोंडदेखलं कौतुक करू नये. अजून ठोकळा कोरता येतो, शाई बदलता येते. बारा प्रती छापून झाल्यावर नुसत्या टीकेचा काही उपयोग नसतो.

वाळवण्यासाठी दोरी आणि कपड्यांचे चिमटे. तेलकट शाई बोटाला कोरडी लागली तरी आतून ओली असते, चार-पाच दिवस प्रती एकमेकींवर रचू नयेत. धूळही सांभाळावी. धुळ्यात उन्हाळ्यात दोरी उघड्यावर बांधाल तर चित्रावर आपोआप वाळवंट उमटेल. रोलर आणि काच पुसायला आधी थोडं गोडं तेल आणि चिंधी, मग साबण. रॉकेलची गरज पडत नाही.

शेवटी सही. ही नेहमी पेन्सिलीने, छापाच्या खाली: डावीकडे क्रमांक, मध्ये चित्राचं नाव आणि जागा, उजवीकडे सही आणि वर्ष. क्रमांक ३/१२ असा लिहितात, म्हणजे बारापैकी तिसरी प्रत. ३/१२ ही १२/१२ पेक्षा वरच्या दर्जाची नसते, सगळ्या सारख्याच. चाचणीच्या प्रतींवर हा क्रमांक घालू नये, त्यावर नुसतं 'चाचणी' लिहावं. आणि बारा ठरल्या म्हणजे बाराच. नंतर कुणी मागितली म्हणून तेरावी छापली तर बाकीच्या नऊ जणांना दिलेला शब्द मोडतो. ठोकळ्यावर एक आडवा काप देऊन तो कायमचा बाद करायची पद्धत त्याचसाठी आहे.

वाटणीच्या दिवशी दहा जणांच्या प्रत्येकी बारा, म्हणजे १२० प्रती एका सतरंजीवर येतात आणि त्यांचे बारा संच लागतात. पुठ्ठ्याचं पाकीट, आत एका पानावर सर्वांची नावं, जागा आणि तारीख, दोन चित्रांमध्ये पातळ कागद. दहावा माणूस अजून छापतोच आहे, हा प्रकार जवळजवळ प्रत्येक गटात होतो. त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबू नये. पाटकऱ्याने त्याच्या घरी जाऊन एक दिवस चमचा हातात घ्यावा, काम लवकर उरकतं.

हे सगळं करायचं असेल तर पहिली बैठक दसऱ्यानंतर लगेच घ्या. थंडीत नदीवर जा आणि हतनूरचे पक्षी आहेत तोवर रेखाटनं करा. छपाई होळीच्या आत संपवा. एप्रिल उजाडला की दुपारी तेलकट शाई पातळ होऊन रेषा बुजतात आणि माणसंही कामाला उभी राहत नाहीत. वाचनालयाचा संच मात्र कपाटात कुलूपबंद होऊ देऊ नका. तो देतानाच लेखी अट घाला की वर्षातून एकदा तापीकाठच्या एखाद्या शाळेत तो भिंतीवर लागला पाहिजे, चांगदेव उजवीकडे आणि सावळदे डावीकडे ठेवून.